यात बोटभर फरक न्हाई

लहानपणी मला सगळ्यात जास्त राग येई तो ‘पहिल्यापासून’ या शब्दाचा. पोरांनी मेंढरांमागे हिंडायचं आणि पोरींनी ओसरीवर बसून लोकर कातायची, का तर पहिल्यापासून तसंच आहे. गड्यांची पंगत उठल्यावर बायांनी जेवायचं, तेही पहिल्यापासूनच. मी फार वाद घातला की माय हातातली टकळी न थांबवता म्हणे, "तोंड कमी चालव पोरी, सूत तुटून राहिलं तुहं." सूत खरोखरच तुटलेलं असे, आणि त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरे. आता डोक्यावरचे केसही विरळ झाले, पण कुणी ‘पहिल्यापासून’ म्हटलं की अजून माझ्या कपाळावर आठी चढते. सुना म्हणतात, आजींना रक्तदाबाची गोळी द्या. गोळीनं जाणारा हा आजार नाही.

आमचं घर सेनगावच्या वाटेपासून आत, माळाच्या कडेला होतं. दोन खोल्या, एक ओसरी आणि पुढं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं भलंमोठं अंगण. माणसांपेक्षा मेंढरांना जागा जास्त. दिवस उजाडायच्या आधीपासून कोकरांचा गलका सुरू व्हायचा, आया चरायला गेल्या की तो वाढायचा आणि त्या परत येईपर्यंत थांबायचा नाही. पाहुण्यांना त्या आवाजात बोलणं सुधरत नसे; आम्हाला मात्र गलका थांबला तरच दचकायला व्हायचं. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्यांची खळ लावलेली असे, तिचा आंबूस वास घरभर, आमच्या कपड्यांना, केसांना, अगदी भाकरीलाही. संध्याकाळी माय ज्वारीच्या कण्या मेंढीच्या दुधात शिजवी. तुरीच्या डाळीतली अंबाडीची भाजी आणि वर लाल मिरचीचा ठेचा. पुढं आयुष्यात बरंच चांगलंचुंगलं खाल्लं, पण त्या कण्यांची साय ज्या भांडणानं आम्ही भावंडं खरवडून खायचो तशी भूक काही परत लागली नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, घरातले थोरले. फार शांत माणूस. त्यांनी कुणावर हात उगारलेला मला आठवत नाही, आवाज चढवलेलाही नाही. धाकटे नामदेवकाका आणि त्यांची बायको द्वारकाकाकी शेजारच्या खोलीत राहत. काकी पैनगंगेपलीकडची, वऱ्हाडातली. तिला मूल नव्हतं. तिला मी होते आणि तिची मेंढरं होती, आणि त्यात मेंढरं आधी की मी आधी हे तिनं मला कधी खात्रीनं सांगितलं नाही. लोकर कातायचा मला कंटाळा आला की ती मायला काहीतरी थाप मारून मला बरोबर माळावर न्यायची. कळपातली कुठली मेंढी कुणाची लेक, कुणाला पायाची खोड, कुणाला दूध कमी, हे ती चालता चालता सांगे. तिच्याइतकं मोकळं बोलणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

आता बोलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भावकीचा एक ठराव होता, कुठं न लिहिलेला, त्याला सगळे थोरल्यांची बोली म्हणत. दरवर्षी शिमगा झाला, की उन्हाळ्याच्या चराईला निघण्याआधी सगळी भावकी हिवराच्या झाडाखाली बिरोबाच्या ओट्यापाशी जमे आणि सटवाजी आजा, भावकीतला सगळ्यात वडील माणूस, ती तोंडपाठ म्हणून दाखवी. कुणाच्या शेतात मेंढ्या बसवायच्या आणि त्यांच्या लेंड्यांच्या खताबद्दल किती ज्वारी घ्यायची, पाण्यावर कुणाचा कळप आधी लावायचा, एकाच्या कुत्र्यानं दुसऱ्याचं कोकरू फाडलं तर काय करायचं. एकेक वाक्य झालं की आजा थांबे, समोर बसलेले गडी ‘व्हय’ म्हणत, मग पुढचं वाक्य. बाया मागं बसत. त्यांनी ‘व्हय’ म्हणायचं नसे, नुसतं बसायचं असे. शेवटी आजा दोन्ही हात ओट्याला लावून म्हणे, "ही थोरल्यांची बोली. यात बोटभर फरक न्हाई."

खरं सांगायचं तर बोली वाईट नव्हती. आमच्यातल्या एका पांगळ्या चुलत्याचा कळप पाण्यावर सगळ्यांच्या आधी लागायचा, तो बोलीमुळेच. एरवी त्याला कुणी उभं केलं नसतं. गावच्या पाटलालासुद्धा ठरल्यापेक्षा कमी ज्वारी मापता येत नसे. म्हणून मला बोली उचलून फेकून द्यायची होती असं कुणी समजू नये. माझं भांडण तिच्यातल्या एका वाक्याशी होतं. आमच्यात प्रत्येक घराची मेंढराच्या कानाला खूण असे. आबांची खूण डाव्या कानाला चीर, काकांची उजव्या कानाचं टोक उडवलेलं. ज्याची खूण त्याची मेंढी, त्याची लोकर, तिची पुढची सगळी वेतं त्याची. आणि बोलीत होतं: खूण गड्याची, गडी गेला तर पुढच्या बोलीला कळपावर भावाची खूण करावी, बाईची खूण नसावी.

त्या पावसाळ्यात नामदेवकाका तापानं गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि काकी काठी घेऊन कळपामागे निघाली. लोक म्हणाले, दोन दिवस जाईल आणि बसेल घरी. ती बसली नाही. पावसात मेंढरांच्या खुरांना कुज लागली तेव्हा गड्यांचे कळप अर्धे लंगडत होते आणि तिचा उभा होता, कारण ती रोज संध्याकाळी एकेक पाय हातात घेऊन बघायची. हिवाळ्यात तिची बहुतेक सगळी कोकरं जगली. आबा हे सगळं बघत होते. "द्वारकीचा हात चांगला हाय," असं मायला म्हणतही होते. मग एके दिवशी काकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून, थोरल्या दिराकडे न बघता, दाराआडून विचारलं, "दादा, यांची खूण मिटवू नका. कळप मी सांबाळते. लोकरीचा वाटा घरात देत जाईन. नुसती खूण ऱ्हाऊ द्या."

आबा म्हणाले, "माह्या हातात असतं तं दिली असती गं. पर बोली हाय. मी कोन बदलणारा?"

हेच मला तेव्हा सहन झालं नाही आणि आजही होत नाही. आबा लबाड असते तर बरं झालं असतं; लबाड माणसावर रागावता येतं. ते खरोखरच हळहळत होते आणि खरोखरच काही करणार नव्हते. कळप त्यांच्याकडेच येणार होता, लोकर त्यांचीच होणार होती, आणि तरीही नाइलाज मात्र त्यांचाच. मी मायकडे फणफणले तर ती म्हणाली, "बाप हाय तुहा." बाप आहे हे मला ठाऊक होतं.

त्याच सुमारास मुलखात गडबड माजली. पैनगंगेपर्यंत पसरलेलं निजामाचं राज्य राहतं की जातं याची धामधूम सुरू होती. हत्यारबंद टोळ्या गावोगाव हिंडत, कुणाचे बैल सोडून नेत, कुणाची मेंढरं कापून खात. जवळा बाजारचे महबूबभाई आमच्याकडून लोकर घ्यायचे; त्यांच्या बापानं आबांच्या वडिलांकडून घेतलेली. ते मुद्दाम वाट वाकडी करून आले, ओसरीवर बसून दूध प्यायले आणि आबांना म्हणाले, "भाऊ, मेरी मानो. जनावर घेऊन नदीच्या पल्याड जावा. हितं ऱ्हायलं तर एकबी मेंढी वाचत न्हाई. अमन झाल्यावर या, लोकर मीच घेनार हाय."

पण नदी ओलांडायची कशी? बोलीत स्पष्ट होतं: पैनगंगेच्या पलीकडे मेंढी नेऊ नये. लहानपणापासून ते वाक्य आम्ही ऐकत आलो होतो. भावकीतले गडी आजाच्या घरी जमले. मी काकीबरोबर बाहेर लोकर उन्हात पसरत होते. आत चिलमीचा धूर, खोकणं, कुजबुज. दुपार कलायच्या आत सगळे बाहेर आले आणि कुणाच्याही तोंडावर कसली चिंता नव्हती. शिमगा झाला, हिवराखाली भावकी बसली, आजानं बोली सुरू केली, आणि नदीच्या वाक्याला आल्यावर तितक्याच ठाम आवाजात म्हणाला, "पैनगंगेपल्याड मेंढी नेऊ नये, काळ वाईट आला तं न्यावी." गडी म्हणाले, "व्हय." एकालाही हसू आलं नाही. जणू जन्मभर ते वाक्य तसंच होतं.

काकी मागून उठून उभी राहिली. बोली चालू असताना बाई उभी राहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, एक इचारू?"

आजा दचकला. "बोल."

"नदीचं बदललं न्हवं?"

"बदललं न्हाई, पोरी. काळ पाहून वागावं लागते. नदीची गोष्ट अलग हाय."

"मंग माहाबी काळ पाहा. मेंढरांची तकलीफ तुमाला एका दुपारी समजली. माही हिवाळ्यापासून सांगून राहिले."

आजा चिडला नाही. उलट त्यानं तिला समजावलं, आणि तेच जास्त वाईट होतं. म्हणाला, पूर्वी एक रांडमुंड बाई नवऱ्याचा कळप हाकून माहेरी गेली होती, भावकीतली दोन घरं उपाशी पडली, तेव्हा थोरल्यांनी हे वाक्य घातलं. उगाच घातलेलं नाही. काकी म्हणाली, "गेली ती गेली. मी तं हितंच हाय ना बाबा, तुमच्यासमोर." "आता निघायची घाई हाय," आजा म्हणाला, "खुणांचं परत आल्यावर बघू." काकी खाली बसली. तिला वाटलं, निदान बघू तरी म्हणाला.

आम्ही नदी ओलांडली आणि काकीच्या माहेरच्या शिवारात उतरलो. तिचा भाऊ, भानुदासमामा, गावात मास्तर होता. मला अक्षरओळख तिथं झाली, मामांच्या ओसरीवर, जुन्या पाटीवर. नंतर मी शिक्षिका झाले त्याची सुरुवात तीच. मामांकडे शिळं का होईना वर्तमानपत्र यायचं. ते रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचत. एकदा ते म्हणाले, दिल्लीत लोक बसून आख्ख्या देशाची घटना लिहून राहिलेत. काकीला घटना म्हणजे काय ते कळेना. मामा म्हणाले, "तुमची बोली असते ना, तशी. पर समद्या देशाची."

काकी कोकराच्या पायातला काटा काढत होती. वर न बघता तिनं विचारलं, "त्यात बोटभर फरक करता येते का न्हाई?"

"येते. कसा करायचा तेबी त्यातच लिहून ठेवणार हायेत. लपून न्हाई. समद्यांसमोर इचारून, कोन व्हय म्हनते, कोन न्हाई म्हनते, ते मोजून."

"न्हाई म्हनायलाबी भेटते?"

"भेटते."

"आन बाया?"

"बायाबी हायेत बसलेल्या. त्यायलाबी इचारतेत."

काकीनं कोकरू सोडून दिलं आणि पदरानं हात पुसत बसून राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस ती मामांना तेच तेच विचारायची. घटनेत बाकी काय काय आहे याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. बदलायची वाट आतच ठेवलेली असते, एवढंच तिला पुन्हा पुन्हा ऐकायचं असायचं.

हल्ली घरात टीव्हीवर रोज वादावादी चालते: घटना काळाप्रमाणं बदलावी की बदलू नये. एक कोट घातलेला ओरडतो की तिला हात लावाल तर याद राखा, दुसरा ओरडतो की जुनं झालं, फेका. माझी नात कायद्याचं शिकते. ती मला विचारते, "आजी, तुला काय वाटतं?" मला वाटतं की हे दोघंही अर्धवट बोलताहेत. न बदलणारी गोष्ट मी अजून बघितली नाही. आमच्या आजाची बोटभरही न बदलणारी बोली एका दुपारी बदलली, चिलीम विझायच्या आत. बदलते ती बदलतेच. बदलताना तिथं कोण बसलेलं असतं, आणि कुणाला बाहेर लोकर पसरायला ठेवलेलं असतं, ते मला सांगा, मग मी माझं मत सांगते. नात म्हणते, हे परीक्षेत लिहिता येणार नाही. नको लिहू.

पावसाळ्यात सटवाजी आजा त्या परमुलखातच गेला. भादव्यात फौज आली, निजामाचं राज्य संपलं, आणि दसरा झाल्यावर आम्ही परत आलो. घराचं कुंपण कुणी जाळण्यासाठी नेलं होतं, बाकी भिंती उभ्या होत्या. पण आल्या आल्या पाण्यावरून भांडणं पेटली. कुणाचा कळप आधी, कोणत्या शेतात कोण, ज्वारी किती, सगळंच. आजाशिवाय पूर्ण बोली कुणालाच येत नव्हती. प्रत्येक गड्याला आपापल्या सोयीचे तुकडे पाठ. ज्यांनी जन्मभर ‘व्हय’ म्हटलं त्यांनी कशाला म्हटलं ते ऐकलंच नव्हतं. मागं बसलेल्या बायांना मात्र ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं, आणि त्यांच्यात काकीला ती पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत येत होती. हे मायनंच आबांना सांगितलं. दोन माणसांची डोकी फुटल्यावर आबा काकीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "द्वारके, तुला येते म्हनतेत. म्हनशीन का समद्यांपुढं?"

मी आनंदानं काकीला एकीकडं ओढून म्हटलं, "तुहं वाक्य बदलून टाक. आजानं नदीचं बदललं तसं. कोनाला समजते?"

काकीनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं ती तेच करणार. पण ती म्हणाली, "आज मी चोरून बदलीन, उद्या दुसरा चोरून फिरवीन. मंग ते माहं कुठं झालं? त्यायलाच बदलू दे. समोर."

हिवराखाली भावकी बसली. या वेळी एक बाई ओट्याशेजारी उभी होती. काकीनं सावकाश, एकही शब्द न चुकवता बोली म्हटली. पाण्याचं, ज्वारीचं, कुत्र्याचं. पांगळ्या चुलत्याचं वाक्य आलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण घरी परतल्यापासून त्याचा कळप सगळ्यात शेवटी लागत होता. नदीचं वाक्य तिनं दोन्ही प्रकारे म्हटलं: आधी असं होतं, औंदा बाबांनी असं केलं. गडी थोडे चुळबुळले, पण ‘व्हय’ म्हणाले. मग ती खुणेच्या वाक्याला आली. तेही तिनं होतं तसंच म्हटलं, बाईची खूण नसावी इथपर्यंत, आणि ती थांबली.

"हे असं हाय," ती म्हणाली. "बदलायचं असन तं आता बदला. मी हितं उभी हाय, तुमी समोर हाव. कोनाला काय म्हनायचं ते म्हना."

एकानं घोंगडी सारखी केली. एकजण मातीत काडीनं रेघा ओढत होता. ज्या बाईनं त्यांची बोली मरणातून उचलून आणली होती तिच्याकडे बघायलाही कुणी तयार नव्हतं. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "पुढचं म्हन, सूनबाई. उशीर होऊन राहिला." आणि त्याला काहीतरी राहिल्याची आठवण झाली म्हणून वर जोडलं, "व्हय." मग दुसरा. मग तिसरा. पांगळ्या चुलत्यानंसुद्धा, मान खाली घालून. मी आबांकडे बघत होते. त्यांच्या एका शब्दानं सगळं थांबलं असतं, कारण कळप त्यांच्याकडेच जायचा होता; त्यांनीच नको म्हटलं असतं तर बाकीच्यांचं काय अडलं होतं? त्यांचे ओठ हलले. हळू म्हणाले, पण मला ऐकू आलं. "व्हय."

मी ओरडले, "न्हाई."

दोघेतिघे हसले. एकजण म्हणाला, "हिला कोनी इचारलं?" मायनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. काकीनं पुढचं वाक्य सुरू केलं आणि बोली शेवटापर्यंत म्हटली.

त्या संध्याकाळी आबांनी ताटावर बसून भाकरी मोडली नाही. म्हणाले, "माह्या मनात तसं नव्हतं." माय तवा उतरवत होती. जन्मात उलट न बोललेली माझी माय म्हणाली, "मनातलं मनात ऱ्हायलं. तोंडातलं समद्यांनी आयकलं." आबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता ते जाऊन काहीतरी करतील. ते अंगणात नुसते फिरत राहिले.

सकाळी काकीच्या कळपावर आबांच्या खुणा करायच्या होत्या. आबा सुरी घेऊन आले. त्यांनी पहिली मेंढी धरली तर ती भेदरून ओरडायला लागली, पाय झाडायला लागली. त्यांच्या हाताची तिला सवय नव्हती. दुसरीनंही तेच केलं. काकी आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून बघत होती. ती उठली, अंगणात येऊन मांडी घालून बसली आणि तिनं मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं.

"तू नको," आबा म्हणाले. "दुसऱ्या कोनाला सांगतो."

"तुमाला न्हाई जमनार दादा," काकी म्हणाली. "घाबरून मरतीन बिचाऱ्या. मी धरते. तुमी कापा."